आउट काढणे (सायकलचे चाक)

डगडगत फिरणारे सायकलचे चाक आऱ्यांचा ताण कमी-जास्त करून सरळ करण्याच्या कामाला दुरुस्तीच्या दुकानांत 'आउट काढणे' म्हणतात. आउट काढून भागेल, रिंग बदलावी लागेल की अख्खे चाकच नवे घ्यावे, हा प्रश्न तिथेच सुटतो. उत्तर चाकाच्या वयापेक्षा त्यातले नेमके काय झिजले आहे यावर ठरते.

तारांच्या आऱ्यांच्या चाकाचे पेटंट यूजेन मेयेर यांनी १८६९ मध्ये पॅरिसला घेतले. तिरके ओवलेले आरे १८७४ मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांनी आणले. बैलगाडीचा लाकडी आरा वजन दाबून धरतो. सायकलची दोन मिलिमीटरची तार तसे करू गेली तर वाकेल, म्हणून सगळे आरे आधीच ताणून ठेवतात. वजन पडले की जमिनीकडच्या दोन-चार आऱ्यांचा ताण थोडा उतरतो, एवढेच. आरे मुळात ढिले असतील, तर प्रत्येक फेऱ्याला ते पूर्ण सैल पडतात आणि पुन्हा ताणले जातात. मग हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या, वळणावर तार थकून तुटते. मागच्या चाकात, साखळीच्या बाजूला तुटली तर फ्रीव्हील, म्हणजे साखळीचे दातेरी चक्र, उतरवल्याशिवाय नवी ओवता येत नाही. एखादी तुटणे किरकोळ. पण महिन्याभरात तिसरी तुटली, तर उरलेल्याही त्याच वाटेवर असतात. सगळ्या बदललेल्या बऱ्या.

कारागीर सायकल उलटी ठेवून चाक फिरवतो आणि रिंगेजवळ खडू धरतो. रिंग खडूला घासते तिथे रेघ उमटते. तिथले, हबच्या विरुद्ध बाजूच्या पाकळीतून (आरे ओवलेल्या चकतीतून) आलेले आरे चावीने पाव फेरा आवळायचे आणि खडूच्या बाजूचे तेवढेच सैल करायचे. घाईने एकच आरा आवळत गेले की आउट निघतो, पण रिंगेला तिथे खड्डा पडतो. जुन्या चाकात निपल, म्हणजे आरा रिंगेत धरणारी छोटी चाकी, गंजून बसलेले असते. ते फिरत नाही, तारच पिळवटते. अशा वेळी पक्कडीने आरे कापून चाक नव्याने विणणेच सोपे.

रिंगेच्या बाबतीत ब्रेक पाहावा. दांडीच्या ब्रेकचे रबर रिंगेला आतून, हबकडच्या बाजूने लागते. तारेच्या साध्या ब्रेकचे रबर कडेला घासते आणि ॲल्युमिनियमच्या कडा हळूहळू खोलगट होतात. बोटाला खळगा लागला किंवा निपलच्या भोकाशी चीर दिसली, तर आउट काढण्यात अर्थ नाही. नवी रिंग तेवढ्याच भोकांची हवी: जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असत. आतला व्यास जुळत असेल तर नवी रिंग जुनीला बांधून आरे एकेक करून सरकवता येतात. मात्र '२६ इंची' एवढ्यावर विसंबू नये: २६ × १⅜ ची रिंग टायर बसतो तिथे ५९० मिमी, तर २६ × १.७५ ची ५५९ मिमी असते.

हबमधले छर्रे आणि त्यांना आत दाबून धरणारे कोन (निमुळते नट) स्वस्तात बदलतात. हबमधल्या छर्ऱ्यांच्या वाटीलाच खड्डे पडले असतील, तर हब गेला. साध्या सायकलीला तेव्हा तयार चाक परवडते. पण यंत्राने विणलेल्या स्वस्त चाकांचे आरे पुष्कळदा ढिले आणि असमान असतात, म्हणून बसवण्याआधी त्याचाही एकदा आउट काढून घ्यावा लागतो.