‘ट्रॅपर जॉन, एम.डी.’ नेमकी कशातून निघाली?

सॅन फ्रान्सिस्कोतील रुग्णालयाच्या मुख्य शल्यचिकित्सकाची ‘ट्रॅपर जॉन, एम.डी.’ (१९७९ ते १९८६) ही अमेरिकी मालिका, कोरियन युद्धातील लष्करी रुग्णालयावरच्या ‘मॅश’ या दूरचित्रवाणी मालिकेची उपशाखा (तिच्यातील पात्रावरून निघालेली मालिका) होती, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. ‘मॅश’ मालिकेच्या निर्मात्यांनी स्वामित्वधनातील वाट्यासाठी दावा लावला, तेव्हा न्यायालयाने ‘ट्रॅपर जॉन, एम.डी.’ १९७० च्या ‘मॅश’ याच नावाच्या चित्रपटातून निघाल्याचे ठरवले. गैरसमज होणे मात्र स्वाभाविकच, कारण ट्रॅपर जॉन हे पात्र तेच, कोरियन युद्धाचा भूतकाळही तोच. फरक चेहऱ्यांचा: चित्रपटात एलियट गूल्ड, ‘मॅश’मध्ये वेन रॉजर्स आणि इथे टक्कल पडलेले, पांढऱ्या दाढीचे पर्नेल रॉबर्ट्स, ज्यांचा तरुण सहकारी गॉन्झो रुग्णालयाच्या वाहनतळावरच ‘टायटॅनिक’ नावाच्या मोटारघरात राहत असे.