डबप्लेट आणि व्हाइट लेबल: नाव न छापलेल्या दोन तबकड्या

अंडरग्राउंड हिप हॉप, गॅरेज आणि डबस्टेप या प्रकारांतील नव्या संगीताचा माग काढू लागलेल्या श्रोत्याच्या कानावर डबप्लेट आणि व्हाइट लेबल हे दोन शब्द लवकरच पडतात, आणि बहुतेक जण ते एकमेकांच्या जागी वापरू लागतात. यात नवल नाही. दोन्ही तबकड्यांच्या मधल्या गोल कागदावर, म्हणजे लेबलावर, गाण्याचे किंवा कलाकाराचे नाव छापलेले नसते, दोन्ही अधिकृत प्रकाशनाच्या आधी डीजेंच्या हाती पोहोचतात, आणि दोन्ही वाजल्या की ऐकणाऱ्याला ‘हे कोणाचे?’ असा प्रश्न पडतो. तरीही त्यांचा हेतू अगदी उलट आहे. डबप्लेट कोरली जाते ती गाणे मोजक्या हातांत राखून ठेवण्यासाठी, आणि व्हाइट लेबल काढले जाते ते गाणे शक्य तितक्या लवकर दुकानात पोहोचवण्यासाठी. आवडलेले अनोळखी गाणे यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे हे कळले, की ते कुठे शोधायचे, आणि मुळात आताच शोधण्यात अर्थ आहे का, हेही कळते.

आधी वस्तू म्हणून त्यांच्याकडे पाहू. डबप्लेट म्हणजे अॅल्युमिनियमच्या चकतीवर मऊ लॅकरचा थर दिलेली तबकडी. लेथ यंत्रावर ती फिरत असताना तापवलेली सुई तिच्यावर चर कोरत जाते, आणि हे काम गाणे वाजते त्याच वेगाने होते. पाच मिनिटांचे गाणे कोरायला पाच मिनिटे लागतात. दुसरी प्रत हवी असेल तर दुसरी चकती घेऊन पुन्हा पहिल्यापासून कोरावे लागते. लॅकर मऊ असल्यामुळे प्रत्येक वेळी वाजवताना चर थोडे झिजतात. आधी हाय-हॅट आणि झांजांची चमक जाते, मग खरखर वाढते, आणि काही डझन वेळा वाजवून झाल्यावर ती तबकडी क्लबमध्ये लावण्याजोगी राहत नाही. डबप्लेटला असे मर्यादित आयुष्य असते, आणि ती कोरून घेणाऱ्या डीजेला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

व्हाइट लेबलची तबकडी मात्र दुकानातल्या कोणत्याही तबकडीसारखीच व्हायनिलची असते. तिच्यासाठीही आधी लॅकरच कोरावे लागते, पण ते वाजवण्यासाठी नसते. त्यावर चांदीचा पातळ थर देऊन विजेच्या साहाय्याने निकेलचा ठसा घेतला जातो, त्या ठशावरून पुढचे साचे तयार होतात, आणि त्या साच्यांत गरम व्हायनिल दाबून शेकडो प्रती निघतात. एवढा खटाटोप दोन-चार प्रतींसाठी परवडत नाही, त्यामुळे व्हाइट लेबलमागे विक्रीचा, निदान वाटपाचा, विचार असतोच. लेबल कोरे ठेवण्याची कारणेही व्यवहारी असतात: छपाईचा खर्च आणि वेळ वाचतो, गाणे चालले नाही तर नुकसान कमी होते, आणि परवानगी न घेता दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरला असेल तर निर्मात्याचा पत्ता चटकन लागत नाही.

एखादे गाणे फक्त आपल्याकडेच असावे या इच्छेची मुळे जमैकात सापडतात. १९५० च्या दशकात किंग्स्टनमधील साउंड सिस्टिम, म्हणजे मोठे स्पीकर घेऊन नाचाचे कार्यक्रम करणारे संच, अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या वाजवत, आणि प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये म्हणून त्यांची लेबले खरवडून काढत. कॉक्सन डॉड यांच्या साउंड सिस्टिमची ओळख बनलेली धून लोक ‘कॉक्सन हॉप’ या नावाने ओळखत. प्रत्यक्षात ती विलिस जॅक्सन या अमेरिकी सॅक्सोफोनवादकाची होती, आणि प्रतिस्पर्धी ड्यूक रीड यांनी तिचा शोध लावला तेव्हा तिची सारी मिरासदारी संपली. पुढे हेच लोक स्थानिक कलाकारांचे ध्वनिमुद्रण करू लागले, तेव्हा गाणे आधी लॅकरवर कोरून आपल्या साउंड सिस्टिमवर वाजवायचे, नाचणाऱ्यांचा प्रतिसाद पाहायचा आणि मग विक्रीला काढायचे, अशी रीत पडली. ड्यूक रीड यांच्याकडे तबकड्या कोरण्याचे काम केलेल्या किंग टबी यांनी गायकाचा आवाज बाजूला सारून ड्रम आणि बेस पुढे आणणाऱ्या आवृत्त्या तयार केल्या. डब संगीत त्यातून उभे राहिले. डबस्टेपच्या नावातला आणि स्वभावातला ‘डब’ याच परंपरेतून आला आहे.

हिप हॉपच्या आरंभीही लेबल लपवण्याची अशीच गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे गोंधळात भर पडते. १९७३ मध्ये ब्राँक्समधील सेजविक अॅव्हेन्यूवरच्या इमारतीत पार्ट्या सुरू करणारे डीजे कूल हर्क आपल्या तबकड्यांची लेबले पाण्यात भिजवून काढून टाकत, म्हणजे कोणत्या तबकडीतील ब्रेक (गाण्यातला फक्त तालाचा तुकडा) आपण वाजवतो हे इतरांना कळू नये. ती तबकडी ना डबप्लेट असते ना व्हाइट लेबल. ती रीतसर विकली गेलेली, पण ओळख पुसलेली तबकडी असते. अमेरिकेत ‘व्हाइट लेबल’ हा शब्द रेडिओ केंद्रांना पाठवल्या जाणाऱ्या, विक्रीसाठी नसलेल्या प्रचारप्रतींनाही लावला जातो, आणि त्यांच्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर सर्व तपशील छापलेला असतो. जुन्या हिप हॉपच्या तबकड्या शोधताना विक्रेता यांपैकी कोणत्या अर्थाने बोलत आहे हे पाहावेच लागते.

डबप्लेटची संस्कृती सर्वांत समृद्ध झाली ती लंडनमध्ये. जंगल या वेगवान तालाच्या नृत्यसंगीताच्या काळात उत्तर लंडनमधील म्युझिक हाउस या ठिकाणी डीजे आपापल्या टेप घेऊन रांगेत बसत, आणि त्या बसण्यातच कोण काय नवे करत आहे याची देवाणघेवाण होत असे. २००० नंतर दक्षिण लंडनमध्ये जेसन गॉझ यांच्या ट्रान्झिशन स्टुडिओने डबस्टेपसाठी तेच स्थान मिळवले. क्रॉयडनमधील बिग अॅपल या तबकड्यांच्या दुकानाभोवती हॅचा, आर्टवर्क, स्क्रीम, बेंगा अशी मंडळी जमली होती. साउथ नॉरवुडचे माला आणि कोकी डिजिटल मिस्टिक्झ या नावाने काम करत होते. हॅचा यांच्याकडे या तरुणांची अप्रकाशित गाणी सर्वांआधी येत आणि ते ती डबप्लेटवर कोरून फॉरवर्ड या क्लब-रात्रीत वाजवत. २००१ मध्ये सोहोतील व्हेल्व्हेट रूम्समध्ये सुरू झालेली आणि पुढे शोरडिचच्या प्लास्टिक पीपलमध्ये गेलेली ही रात्र, आणि २००५ पासून ब्रिक्स्टनमध्ये भरणारी डीएमझी, या दोन ठिकाणी वाजणारी बरीचशी गाणी कोणत्याही दुकानात मिळत नव्हती. ती ऐकायची तर तिथे जायचे, किंवा त्या काळी परवान्याविना चालणाऱ्या रिन्स एफएमवर कान ठेवायचा.

या पद्धतीवर ती बंदिस्त असल्याचा आक्षेप घेतला जातो, आणि तो खराच आहे. पण डबस्टेप हे संगीत जसे झाले तसे होण्यात डबप्लेटचा मोठा वाटा आहे असे मला ठामपणे वाटते. कोरायला पैसे पडत असल्यामुळे डीजे अर्धवट गाणे कोरून घेत नसे, आणि कोरलेले गाणे त्याच आठवड्यात मोठ्या स्पीकरवर ऐकून निर्माता घरी जाऊन ते सुधारत असे. शिवाय तबकडी कोरणारा अभियंता खालच्या सुरांकडे विशेष लक्ष देतो, कारण सब-बेस, म्हणजे सर्वांत खालचे सूर, डाव्या आणि उजव्या बाजूंत विखुरलेला असेल तर चर नीट कोरले जात नाहीत आणि सुई उडते. बेस मध्यभागी, एकसंध आणि भक्कम ठेवण्याचा धडा ज्या निर्मात्यांनी लेथपाशी बसून घेतला, त्यांच्या गाण्यांत तो आजही ऐकू येतो.

गॅरेजची प्रकृती वेगळी होती, म्हणून तिथे व्हाइट लेबलचे राज्य होते. न्यूयॉर्कमधील पॅराडाइज गॅरेज या १९७७ ते १९८७ या काळात चाललेल्या क्लबवरून हे नाव आले. लंडनच्या डीजेंनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकी गॅरेजच्या तबकड्या वेग वाढवून वाजवायला सुरुवात केली आणि १९९७ च्या सुमारास स्थानिक निर्मात्यांचा स्वतःचा आवाज घडला होता. हे नाचाचे, गाण्याचे, तत्काळ आवडणारे संगीत होते. पायरेट, म्हणजे परवान्याविना चालणाऱ्या, रेडिओवर शनिवार-रविवारी वाजलेले गाणे लोक सोमवारी दुकानात जाऊन मागत, आणि मोठी कंपनी करार, परवानगी आणि छपाई यांत महिने घालवत असताना निर्माता काहीशे प्रती काढून, त्या गाडीत टाकून, एकेका दुकानात स्वतः पोहोचवत असे. आर्किटेक्स या जोडीने ब्रँडी आणि मोनिका यांच्या १९९८ च्या गाण्याचे केलेले अनधिकृत गॅरेज रूपांतर असेच परवानगीविना लोकांपर्यंत गेले. गॅरेजमधूनच निघालेल्या, रॅपवर उभ्या असलेल्या ग्राइम या प्रकाराने हीच वाट चालवली. ग्राइमचे निर्माते वायली यांनी २००२ च्या सुमारास आपल्या वाद्यधुनी व्हाइट लेबलवर काढून गाडीतून दुकानोदुकानी विकल्या, आणि पूर्व लंडनमधील रोमन रोडवरचे ऱ्हिदम डिव्हिजन हे दुकान अशा तबकड्यांचे ठिकाण झाले.

एकच गाणे दोन्ही अवस्थांतून जाऊ शकते, आणि अनेकदा जातेही: आधी काही महिने डबप्लेट म्हणून दोन-तीन डीजेंकडे, मग व्हाइट लेबल म्हणून दुकानांत, आणि शेवटी चित्रे छापलेल्या वेष्टनात. कारखान्यातून तपासणीसाठी येणाऱ्या चाचणीप्रती हा आणखी एक प्रकार मधे येतो. त्या मोजक्या असतात आणि बहुधा कोऱ्या लेबलाच्या असतात, पण त्यांचे काम फक्त दाबणीतला दोष वेळेत पकडणे हे असते.

हातात तबकडी असेल तर ओळख अवघड नाही. डबप्लेट बहुधा दहा इंचांची, वजनाला जड आणि न वाकणारी असते. कडेला किंवा मधल्या छिद्रापाशी धातू दिसतो, आणि नाव लिहिलेच असेल तर ते मार्करने हाताने लिहिलेले असते. व्हाइट लेबल बहुधा बारा इंचांचे असते, आणि त्याची खरी ओळख लेबलाच्या बाहेर, चर संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यात सापडते. तिथे उजेड तिरपा पाडून पाहिल्यास कोरलेला क्रमांक दिसतो, आणि अनेकदा कोरणाऱ्या स्टुडिओची खूणही. गॅरेजच्या कित्येक तबकड्यांवर कॅम्डेनच्या द एक्स्चेंजचे नाव असे सापडते. हा क्रमांक डिस्कॉग्ज या २००० मध्ये सुरू झालेल्या तबकड्यांच्या ऑनलाइन सूचीत शोधता येतो. तिथे अॅसिटेट (डबप्लेटसारख्या लॅकरच्या तबकडीचे दुसरे नाव), व्हाइट लेबल, चाचणीप्रत आणि अनधिकृत आवृत्ती यांच्या वेगवेगळ्या नोंदी असल्यामुळे कोऱ्या कागदामागचे नाव पुष्कळदा काही मिनिटांत मिळते.

आता डीजे प्रामुख्याने फाइली वाजवतात, तरी हा भेद गेलेला नाही. मित्रांतच फिरणाऱ्या अप्रकाशित फाइलला आजही ‘डब’च म्हणतात, आणि ती शझामने ओळखली नाही तर त्यात शझामचा दोष नसतो, ते अॅप आपल्या साठ्यातील गाण्यांच्या ठशांशी तुलना करते, आणि जे प्रकाशितच नाही ते त्या साठ्यात सहसा नसते. अशा वेळी ज्या डीजेने ते वाजवले त्याचे पुढचे कार्यक्रम ऐकत राहणे, त्याच्या जवळच्या निर्मात्यांची आणि त्यांची गाणी काढणाऱ्या कंपन्यांची पाने पाहत राहणे हाच मार्ग उरतो, आणि त्याला महिने लागू शकतात. काही गाणी कधीच बाहेर येत नाहीत. डबस्टेपच्या पहिल्या काही वर्षांतील कित्येक गाण्यांचा पुरावा म्हणून आज फक्त रेडिओच्या जुन्या ध्वनिफिती उरल्या आहेत, आणि त्या जपून ठेवणाऱ्या श्रोत्यांचे या संगीतावर मोठे ऋण आहे.

व्हाइट लेबलची आजची जागा बँडकॅम्प या, कलाकार स्वतः गाणी विकतात अशा संकेतस्थळावर आहे. टोपणनावाने, एका क्रमांकाने किंवा नुसत्या चिन्हाने चढवलेली दोन गाणी, कलाकाराची माहिती शून्य, एखाद्या गाजलेल्या रॅपचे परवानगीविना केलेले गॅरेज रूपांतर, आणि तीही काही दिवसांत काढून टाकलेली: हे सारे जुन्या कोऱ्या लेबलाचेच वागणे आहे. इथे वाट पाहून चालत नाही. डबची वाट पाहणे शहाणपणाचे असते, पण या गाण्यांच्या बाबतीत दिसताक्षणी विकत घेऊन फाइल उतरवून ठेवावी.

मधल्या प्रदेशात एक प्रकार वाढतो आहे. गाणी काढणाऱ्या काही कंपन्या वीस-तीस प्रती लेथवर एकेक कोरून विकतात, लेबल कोरे ठेवतात, आणि श्रोते त्यांना कधी डबप्लेट तर कधी व्हाइट लेबल म्हणतात. बनावटीने ती पहिली आहे, हेतूने दुसरी. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा लॅकरच्या चकत्या बनवणारा कारखाना जळाला आणि जगात त्या बनवणारा जपानमधील एकच मोठा उत्पादक उरला, तेव्हापासून लॅकर जपून वापरले जाते. त्यामुळे या छोट्या आवृत्त्या पुष्कळदा प्लास्टिकच्या चकतीवर कोरलेल्या असतात. प्लास्टिक लॅकरपेक्षा अधिक काळ टिकते, परंतु त्यात खरखर जास्त असते आणि वरचे सूर मंद ऐकू येतात. अशी तबकडी मागवण्यापूर्वी चकती कशाची आहे आणि सोबत डिजिटल फाइल मिळते का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावेत.