कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगातलं मनुष्यबळ आणि बदलतं तंत्रज्ञान

कोल्हापूर शहर आणि त्याच्या आसपासच्या औद्योगिक वसाहतींमध्ये सुमारे 300 फाउंड्री आहेत, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं आणि त्यातून गाड्यांचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे, व्हॉल्व्हचे सुटे भाग काढायचे असे कारखाने. देशातल्या मोठ्या फाउंड्री क्लस्टरमध्ये कोल्हापूरचं नाव बेळगाव, कोइमतूर, राजकोट, बटाला यांच्या बरोबरीनं घेतलं जातं. या उद्योगात गेल्या काही वर्षांत एक प्रश्न सतत ऐकायला मिळतो, "माणसं मिळत नाहीत". मशीन घेतलं तर ते चालवायला शिकलेला माणूस लागतो, नाही घेतलं तर हातानं काम करणारा लागतो आणि दोन्हीकडे टंचाई. ही नोंद त्याच प्रश्नाबद्दल आहे. त्याला बऱ्याचदा फक्त "आजकालच्या पोरांना काम नको" असं उत्तर दिलं जातं, ते अपुरं आहे आणि पोरांवर अन्याय करणारं आहे.

हा उद्योग इथं कसा आला

याचं मूळ शेतीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली शाहू मिल सुरू केली, राधानगरीला धरणाचं काम काढलं, पाणी आलं, ऊस वाढला, गूळ वाढला. उसाला चरक लागतो, चरक फिरवायला आणि नदीचं पाणी उचलायला ऑइल इंजिन लागतं, इंजिन बिघडलं की दुरुस्त करणारा लागतो आणि दुरुस्त करता करता एक दिवस तो स्वतःच पार्ट बनवायला लागतो. उद्यमनगर हे असं वाढलं. म्हादबा मिस्त्री यांच्यासारख्या कारागिरांची नावं आजही इथं आदरानं घेतात. सिनेमाच्या बाबतीतही तेच, बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा बनवला तो याच हवेत. बघून शिकायचं, खोलून शिकायचं, मिस्त्रीच्या हाताखाली राबून शिकायचं, हीच इथली खरी शाळा होती.

पुढं शेतात वीज आली, मोटरपंप आले, ऑइल इंजिनचा धंदा उतरला आणि इथल्या फाउंड्री गाड्यांच्या कास्टिंगकडे, म्हणजे ओतीव भागांकडे, वळल्या. इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, गिअरबॉक्सचं हाउसिंग असे जॉब. उद्यमनगर आणि वाय. पी. पोवार नगर अपुरं पडलं तसं काम शिरोली, गोकुळ शिरगाव आणि नंतर कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत गेलं. शिरोलीच्या उद्योजकांची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा आणि उद्यमनगरातली कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या संघटना त्यातूनच उभ्या राहिल्या.

काम असतं कसं

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिलिका वाळूत बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची पूड आणि साधारण तीन-चार टक्के पाणी मिसळून मळलेली वाळू तयार करतात, ती पेटीत पॅटर्नभोवती, म्हणजे जॉबच्या आकाराच्या नमुन्याभोवती, दाबून साचा होतो. आत पोकळी हवी असेल तिथं वेगळा बनवलेला कोअर, म्हणजे वाळूचा गाभा, बसवायचा, मग वरून वितळलेल्या लोखंडाचा साधारण 1400 डिग्रीचा रस ओतायचा. गार झाल्यावर साचा फोडायचा म्हणजे नॉकआउट, मग शॉट ब्लास्टिंग म्हणजे छर्ऱ्यांचा मारा करून चिकटलेली वाळू काढणं, मग फेटलिंग, म्हणजे ग्राइंडरनं कडा आणि जादाचं लोखंड काढून टाकणं. एसजी आयर्न, म्हणजे कमी ठिसूळ आणि जास्त ताकदीचं ओतीव लोखंड, असेल तर रसात मॅग्नेशियम घालतात आणि त्याचा परिणाम दहा-बारा मिनिटांत उतरायला लागतो, तेवढ्यात सगळे साचे भरायलाच पाहिजेत, लॅडलवाला, म्हणजे रस ओतणारा, लघवीला गेलाय म्हणून थांबता येत नाही. सांगायचा मुद्दा हा की इथं एक माणूस कमी असला तर काम हळू होतं असं नाही, पूर्ण हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेलं सगळं लोखंड, वाया जाऊ शकते.

जुना मोल्डर वाळू मुठीत दाबून, मोडून, कडा बघून ओलावा सांगायचा. भट्टीवरचा मिस्त्री छोटी पाचर ओतून, फोडून, आतला पांढरा भाग बघून लोखंड कसं आहे ते सांगायचा. आज त्याच कामाला सँड लॅब आहे, स्पेक्ट्रोमीटर आहे, कार्बन मोजायचा कप आहे.

तंत्रज्ञान काय बदललं

कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्ट्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. हाताच्या मोल्डिंगच्या जागी आधी साच्याची वाळू दाबणारं आर्पा मशीन, मग हाय प्रेशर मोल्डिंग लाइन. मशीन शॉपमध्ये लेथ जाऊन कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी सीएनसी आणि व्हीएमसी मशीन आली. पॅटर्न बनवायच्या आधी रस साच्यात कसा भरेल, कुठं आकसेल ते कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून बघतात. काही ठिकाणी वाळूचा साचा थ्रीडी प्रिंटरवर छापला जातो, पण ते अजून सॅम्पल आणि डेव्हलपमेंटच्या जॉबपुरतंच परवडतं. वापरलेली वाळू परत वापरण्यासाठी सँड रिक्लेमेशन प्लांटही आलेत.

रोबोटबद्दल मात्र फार बोललं जातं आणि त्यातली अडचण कमी सांगितली जाते. रोबोटला एकच जॉब हजारोंनी लागतो. कोल्हापूरच्या मध्यम आणि लहान फाउंड्रीत आज हा जॉब, उद्या तो, लॉट छोटे, गिऱ्हाईक दहा. प्रत्येक जॉबला तो पकडून ठेवायचं नवीन फिक्स्चर, नवीन प्रोग्रॅम करायचा म्हटलं तर खर्च निघत नाही आणि प्रोग्रॅम करणारा माणूस तर त्याहून दुर्मिळ. म्हणून फेटलिंग, जे सगळ्यात धुळीचं, आवाजाचं, अंगमोडीचं काम आहे आणि जिथं माणूस सगळ्यात आधी काम सोडतो, तेच अजून बरंचसं हातानं चालतं. मॅनिप्युलेटर म्हणजे माणसानं बसून चालवायचा यांत्रिक हात, हा मधला मार्ग जास्त कामाचा वाटतो कारण त्यात जॉब बदलला तरी अडत नाही.

विजेचाही संबंध आहे. लोखंड वितळवायला टनाला सहाशेच्या आसपास युनिट लागतात आणि कित्येक वर्षं महावितरणच्या दरात रात्री 10 ते सकाळी 6 सवलत होती, त्यामुळं भट्टी रात्री चालवायची पद्धत पडली. कारखान्याचं बिल वाचलं पण रात्रपाळी कायमची मानगुटीवर बसली, आणि लग्न ठरवताना मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात तो पाळीचाच.

माणसं कुठून येतात आणि कुठं जातात

एका पिढीपूर्वी करवीर, कागल, राधानगरी, पन्हाळा, भुदरगड, हातकणंगले या तालुक्यांतला आणि सीमेपलीकडे निपाणी-चिकोडीकडचा माणूस सकाळी सायकलवर किंवा एसटीनं यायचा, पाळी करायचा आणि घरी जाऊन शेत बघायचा. घर स्वतःचं, दूध घरचं, भात घरचा, त्यामुळं कमी पगारात भागायचं. खरं म्हणजे कोल्हापूरच्या स्वस्त कास्टिंगला शेतीचा हा टेकू होता आणि तो कुठल्याच कॉस्टिंगच्या कागदावर कधी धरला गेला नाही. आता शेताचे तुकडे पडले, खर्च वाढला, मुलं शिकली. दहावी-बारावी झालेला मुलगा पोलीस भरती, सैन्य भरती नाहीतर एमपीएससीच्या मागं काही वर्षं घालवतो, डिप्लोमा झालेला पुण्याला चाकण, रांजणगावला जातो. तिथं खोलीभाड्यात पगार संपतो तरी जातो, कारण तिथं कंपनीचं नाव आहे, बस आहे, कँटीन आहे आणि फाउंड्रीतून घरी येताना नाकातून काळं निघतं ते तिथं निघत नाही.

त्यांची जागा बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशाच्या माणसांनी घेतली. कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेसनं येणारी-जाणारी ही मंडळी आज मोल्डिंग, ओतकाम आणि फेटलिंगचा मोठा भार उचलतात, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ती श्रमिक ट्रेननं गावी गेली तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं, कारखाने उघडायला परवानगी मिळाली पण पेट्या भरायला माणूस नव्हता. त्याच्या आधी 2019 आणि नंतर 2021 च्या महापुरात तर हायवेवरच पाणी आलं, शिरोलीजवळ रस्ता बंद पडला आणि पलीकडचा कामगार पलीकडेच राहिला.

हजेरीचं वेळापत्रकही आता दोन तऱ्हेचं झालंय. स्थानिक माणूस गावच्या म्हाईला, बेंदराला, गणपतीला आणि ऊसतोडीच्या घाईत दांडी मारतो, उत्तरेकडचा होळीला आणि छठला गावी जातो, गेला की महिनाभर येत नाही आणि कधी कधी येतच नाही. प्लॅनिंगवाल्याला दोन्ही कॅलेंडर भिंतीवर लावावी लागतात.

ठेकेदारी

बहुतेक परप्रांतीय आणि बरेच स्थानिक कामगार ठेकेदाराच्या पटावर असतात. कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्यात ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकावर जबाबदारी येते हे स्पष्ट होतं. ओव्हरटाईमला दुप्पट दर हे 1948 च्या कारखाना अधिनियमात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्येही आहे, शिवाय आता प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं आहे आणि ठराविक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. कागद चांगला आहे. पण ठेक्यावरच्या माणसाला नगावर पैसे मिळतात, तो शिकण्यात वेळ घालवेल कशाला, त्याला आजच्या पेट्या मोजायच्यात. आणि मालकही म्हणतो, हा उद्या शेजारच्या फाउंड्रीत चार पैसे जास्त मिळाले की जाणार, मी याला का शिकवू. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे आणि त्यातूनच शिकवणं बंद पडलं.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथं आहे. हेल्पर, मग मोल्डर, मग मिस्त्री ही जी शिडी होती तिच्या मधल्या पायऱ्या गेल्या. आता वर इंजिनिअर आहे, खाली ठेक्याचा माणूस आहे आणि मधला मिस्त्री साठीला आलाय. ब्लो होल, म्हणजे वायू अडकून जॉबमध्ये पडलेली भोकं, आले तर वाळू ओली आहे का, कोअर नीट भाजला नाही का, रस थंड पडला का, हे तो जॉबकडे बघून सांगतो. लॅबचा रिपोर्ट ओलावा किती ते सांगतो, आता काय करायचं ते सांगत नाही. त्याच्या हाताखाली पगारी शिकाऊ पोरगं ठेवणं आणि त्याला शिकवण्याचे वेगळे पैसे देणं, एवढं जरी केलं तरी फरक पडतो, पण हे काम करणारे कारखाने थोडे.

शिक्षण आणि शिकाऊ उमेदवार

आयटीआयमध्ये फाउंड्रीमन नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण मुलांचा ओढा फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्टकडे. कोल्हापुरात शासकीय आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे, गोकुळ शिरगावला केआयटी इंजिनिअरिंग कॉलेज तर एमआयडीसीला लागूनच आहे. म्हणजे शिकवणाऱ्या संस्था कमी नाहीत. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, शिकाऊ उमेदवारांच्या राष्ट्रीय योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के, महिन्याला कमाल 1500 रुपये, केंद्राकडून मिळतात. राज्याच्या 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000 आणि पदवीधराला 10000 रुपये ठरले होते. चांगल्या कारखान्यात या मुलांना खरंच मशीन मिळतं. इतर ठिकाणी तो स्वस्तातला हेल्पर ठरतो, वर्षभर पेट्या ढकलतो आणि सर्टिफिकेट घेऊन चाकणला जातो.

भाषेचा मुद्दा छोटा वाटतो पण नाही. गाडीच्या कंपन्यांना आयएटीएफ 16949 हे गाडी उद्योगातलं गुणवत्तेचं सर्टिफिकेट लागतं, प्रत्येक हीटची नोंद लागते, कंट्रोल प्लॅन, म्हणजे काय आणि कसं तपासायचं त्याचा तक्ता, मशीनवर लावायचा असतो आणि तो इंग्रजीत असतो. वाचणारा माणूस हिंदी, ओडिया नाहीतर कन्नड बोलणारा. काही कारखान्यांनी चांगल्या आणि वाईट जॉबचे फोटो लावले, कुठं बघायचं तिथं लाल गोल केला, आणि ते इंग्रजी कागदापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आरोग्य आणि बायकांचं काम

सिलिकाच्या धुळीनं सिलिकोसिस होतो, फुप्फुसं हळूहळू निकामी होतात आणि तो बरा होत नाही. कारखाना अधिनियमातच तो कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. नॉकआउट आणि फेटलिंगला धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि योग्य मास्क हवाच, तोंडाला बांधलेला रुमाल ही सुरक्षा नव्हे. हे मी ठासून लिहितोय कारण मनुष्यबळाच्या चर्चेत धुळीचा विषय क्वचित निघतो. बाप खोकताना बघितलेला मुलगा फाउंड्रीत येणार नाही, हे समजायला सर्व्हे लागत नाही.

कोअर शॉप, तपासणी, असेंब्ली, सीएनसी या ठिकाणी बायका उत्तम काम करतात आणि ज्या कारखान्यांनी त्यांना घेतलं तिथं गैरहजेरी कमी झाल्याचं सुपरवायझर सांगतात. अडतं ते स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, गावापर्यंत बस आणि लहान मुलांची सोय यावर.

पुढचं काम

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही, पिस्टन नाही, त्यामुळं कोल्हापूरच्या बऱ्याच जॉबवर सावट आहे. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह, अवजड वाहनं, ब्रेक आणि सस्पेन्शनचं लोखंड इतक्यात जाणार नाही. मोटर आणि बॅटरीची हाउसिंग बऱ्याचदा अॅल्युमिनियमची, डाय कास्टिंगची असतात, तिथं वाळू नाही, साचा पोलादी डायचा, प्रेशर मशीनचं, आणि डाय सांभाळणारा टूलमेकर वेगळा शिकावा लागतो. तो घडायला चार-पाच वर्षं लागतात. लोखंडाच्या फाउंड्रीतला पस्तिशीचा मोल्डर त्या मशीनवर जाऊ शकतो, त्याला रस कळतो, तापमान कळतं, फॉल्ट कळतात, फक्त त्या शिकण्याच्या काळात त्याचा पगार चालू ठेवणारा कुणीतरी लागतो, आणि तो खर्च मालकानं करायचा, संघटनांनी मिळून करायचा की सरकारनं, हे अजून ठरलेलं नाही.