‘टी’ म्हणजे चहा की जेवण?

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायर किंवा लँकेशायरमध्ये, शेजारच्या बाईंनी ‘कम राउंड फॉर युअर टी, हाफ फाइव्ह’ असं म्हटलं, तर घरून जेवून जाऊ नये. ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच, आणि ‘युअर टी’ म्हणजे त्या घरचं संध्याकाळचं जेवण. टेबलावर भाजलेले सॉसेज, लोणी घालून कुस्करलेला बटाटा, वाटाणे आणि या सगळ्यावर ओतायची दाट तपकिरी ग्रेव्ही. शेजारी चहाचा कप असेल किंवा नसेलही. ‘चहाला या’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चिवड्याची बशी येते, फार तर पोहे. त्यामुळे नव्यानं तिकडे गेलेला मराठी विद्यार्थी पोटभर खाऊन जातो आणि वाढलेलं ताट पाहून अवघडतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांत ब्रेकफस्ट, लंच, डिनर असा सरळ क्रम असतो. तो चुकीचा नाही, पण तो एका विशिष्ट वर्गाचा आणि मुख्यतः दक्षिण इंग्लंडचा आहे. उत्तरेच्या अनेक घरांत आजही दुपारचं जेवण म्हणजे ‘डिनर’ आणि संध्याकाळचं म्हणजे ‘टी’. हा बोलीतला ढिसाळपणा समजायचं कारण नाही, कारण ‘डिनर’चा जुना अर्थ खरं तर त्यांनीच जपलाय.

सतराव्या शतकात ‘डिनर’ हे दिवसातलं मुख्य जेवण होतं आणि ते मध्यान्हीला व्हायचं. लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युएल पीप्स याच्या रोजनिशीत तो दुपारी बाराच्या सुमारास डिनरला बसलेला पुन्हा पुन्हा दिसतो. याच रोजनिशीत 25 सप्टेंबर 1660 या दिवशी त्यानं नोंद केली आहे, की आज एक कप ‘टी’ मागवला, हे चिनी पेय आपण याआधी कधी प्यायलो नव्हतो. दोन वर्षांनी, 1662 मध्ये, पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. मुंबई आंदणात दिली गेली ती याच लग्नात. चहा इंग्लंडमध्ये तिनंच आणला असं सर्रास लिहिलं जातं, पण ते खरं नाही. लंडनच्या एका कॉफीहाउसनं 1658 मध्येच वर्तमानपत्रात चहाची जाहिरात दिली होती. लिस्बनच्या दरबारातली चहाची सवय कॅथरीननं सोबत आणली आणि तिच्यामुळे हे पेय प्रतिष्ठितांच्या घरात शिरलं, एवढं श्रेय मात्र तिला द्यायला हवं.

गरिबाच्या घरी चहा पोचायला आणखी शंभरावर वर्षं लागली. करच इतका होता की चहाची प्रचंड चोरटी आयात चाले. 1784 मध्ये पंतप्रधान विल्यम पिट यानं हा कर 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि खप झपाट्यानं वाढला. त्याची किंमत मात्र इतरांनी मोजली. चिनी चहासाठी लागणारी चांदी अफू विकून उभी राहू लागली. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनही चीनला जाई. ज्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं त्या जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीतही या व्यापाराचा वाटा होता. पुढे 1839 मध्ये आसामचा चहा पहिल्यांदा लंडनच्या लिलावात आला. त्याच वर्षी चीनशी पहिलं अफूचं युद्ध पेटलं. 1880च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश किटल्यांत चिनी चहापेक्षा हिंदुस्थान आणि सिलोनचा चहा जास्त होता. ब्रिटिश चहाची गोष्ट सांगताना हा भाग वगळला तर ती अर्धीच राहते, असं मला वाटतं.

दरम्यान ‘डिनर’ सरकत होतं. अठराव्या शतकात श्रीमंतांनी ते दुपारी तीन, मग चार, मग पाच असं पुढे ढकललं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उच्चभ्रू घरांत ते संध्याकाळी सात-आठवर पोचलं. अंधार पडल्यावर दिव्यांच्या उजेडात निवांत जेवणं हेच मुळात ऐपतीचं लक्षण होतं. सकाळची न्याहारी आणि रात्रीचं डिनर यांच्यात मोठी पोकळी पडली. ती आधी ‘लंच’नं भरली आणि मग चारच्या सुमाराच्या चहा-केकनं. बेडफर्डची डचेस अ‍ॅना हिला दुपारी भूक अनावर व्हायची, म्हणून 1840च्या दशकात तिनं ही प्रथा पाडली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, जेवणाच्या वेळा बदलल्या नसत्या तर दुपारच्या चहाची गरजच पडली नसती.

गिरणी कामगाराची वेळ सरकली नाही. 1850च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या स्त्रियांना आणि किशोरांना सकाळी 6 ते संध्याकाळी 6 अशी मर्यादा घालून दिली. मध्ये खाण्यासाठी एकूण दीड तास आणि शनिवारी दुपारी 2 ला सुटी. त्यांचं डिनर दुपारीच राहिलं. संध्याकाळी दमून घरी आल्यावर लगेच पोटात काहीतरी पडायला हवं असे. मग पाव, लोणी, चीज, जमलं तर थंड हॅम किंवा धुरी दिलेला हेरिंग मासा, आणि सोबत साखर-दूध घातलेला कडक चहा. स्वयंपाकाला ना वेळ असे ना पुरेसा कोळसा. त्या सगळ्या थंड खाण्यात ऊन ऊन काय, तर चहा. म्हणून अख्ख्या जेवणालाच ‘टी’ हे नाव पडलं.

यालाच पुढे ‘हाय टी’ असंही म्हणू लागले. आज मुंबई-पुण्यातली हॉटेलं तीन मजली तबकात छोटी सँडविचेस आणि केक मांडून ‘हाय टी’ म्हणून विकतात. प्रत्यक्षात ती मांडणी ‘आफ्टरनून टी’ची, म्हणजे डचेसच्या दिवाणखान्यातली. ‘हाय टी’ कष्टकऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावरचा. शब्द शिकताना हा फरक नीट लक्षात ठेवावा, कारण ब्रिटिश माणसाच्या कानाला तो लगेच जाणवतो.

चहा ही किती मूलभूत गरज झाली होती, हे दुसऱ्या महायुद्धात दिसलं. जुलै 1940 मध्ये चहाचं रेशनिंग सुरू झालं. माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे साधारण 57 ग्रॅम. ते उठलं थेट ऑक्टोबर 1952 मध्ये.

जुने अर्थ आजही जागोजागी सापडतात. शाळेत दुपारी मिळतं ते ‘स्कूल डिनर’ आणि ते वाढणारी ‘डिनर लेडी’. नाताळचं जेवण दुपारी दोनला झालं तरी ते ‘ख्रिसमस डिनर’च असतं. ‘सपर’ म्हणजे उत्तरेत बहुधा झोपण्यापूर्वीचं थोडंसं खाणं, तर दक्षिणेतल्या सुखवस्तू घरांत रात्रीचं साधं घरगुती जेवण. नुसता चहाच प्यायला बोलवायचं असेल तर लोक ‘अ कप ऑफ टी’, ‘कपा’ किंवा उत्तरेत ‘अ ब्रू’ असं म्हणतात. ‘फॉर युअर टी’ ऐकलं की भूक ठेवून जायचं. आणि लीड्समधलं एखादं पोर शाळेतून येऊन दप्तर टाकत ‘व्हॉट्स फॉर टी?’ असं विचारतं, तेव्हा त्याला हवं असलेलं उत्तर असतं फिश फिंगर्स, चिप्स आणि बीन्स.