घड्याळातला आकडा आणि यवतेश्वरचा चढ

समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटाला लागलं की थोड्याच वेळात गप्पा आपोआप थांबतात. आमच्या सकाळच्या गटात कोण कुठल्या वळणावर गप्प होते, हे आता सगळ्यांना पाठ आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या २१ किलोमीटरला कोणाला किती वेळ लागेल, याचा अंदाज मी त्या वळणावरून बांधते. मनगटावरच्या घड्याळावर माझा तेवढा भरवसा नाही.

घड्याळ दाखवतं तो व्हीओटू मॅक्स. जीव तोडून पळताना शरीर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं तो आकडा. खरं मोजमाप तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर होतं. घड्याळ नाडी आणि वेगावरून नुसता अदमास काढतं. नवख्या आणि मुरलेल्या बायका एकत्र पळवल्या तर हा आकडा क्रम बरा लावतो. सारख्याच तयारीच्या दहाजणींत मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. २००३ साली लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन पळालेल्या पॉला रॅडक्लिफचंच बघा. १९९२ पासून तिचा व्हीओटू मॅक्स ७० च्या आसपासच राहिला. त्याच वेगाला लागणारा ऑक्सिजन मात्र सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाला. गाडी तीच, ॲव्हरेज वाढलं! याला रनिंग इकॉनॉमी म्हणतात.

आमच्यासारख्या हौशी बायकांसाठी त्याहून कामाचा आहे लॅक्टेटचा उंबरठा. लॅक्टेट हे विष नव्हे. स्नायू ते सतत तयार करतात आणि इंधन म्हणून वापरतातही. एका वेगानंतर मात्र तयार जास्त होतं, खपतं कमी. रक्तात ते साठू लागतं, श्वास वाढतो, सलग वाक्य बोलता येत नाही. आमचं गप्प होण्याचं वळण साधारण तेच. सराव वाढला की ते वर सरकतं.

पण ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पोचवायचा कोणी? एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १३ ग्रॅम असेल तर १७ मिलिलिटरच्या वर, १० ग्रॅम असेल तर जेमतेम १३. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका त्यात होत्या. पाळी, घाम, वर जेवणावर लगेच चहा, जो लोह शोषू देत नाही. हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो.

आमच्यातली एकजण दोन महिने पहिल्याच वळणावर गप्प व्हायची. ‘वय झालं गं,’ म्हणायची. हिमोग्लोबिन निघालं साडेनऊ. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चहाची वेळ आम्ही बदलायला लावली. पावसाळा संपेपर्यंत ती तिसऱ्या वळणावरही सासूबद्दल बोलत होती.