कालावधी (प्रकल्प नियोजन)

प्रकल्प नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या कामाला किती कामाचा वेळ लागेल, याच्या आकड्याला कालावधी म्हणतात. वेळापत्रकावरची आडवी पट्टी कुठवर जाईल, हे त्यावरून ठरते. दोन तारखांमधले दिवस मोजून हा आकडा काढला जातो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात आत सगळा हिशेब कामाच्या वेळेचा चालतो आणि ‘दिवस’ हे त्याचे फक्त रूपांतर असते.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये मुळात १ दिवस म्हणजे ८ तास, आठवडा ४० तास आणि महिना २० दिवस असे धरलेले असते. कामाच्या वेळा मात्र दिनदर्शिकेत वेगळ्या लिहिलेल्या असतात: सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १२ आणि दुपारी १ ते ५. गुरुवारी सकाळी सुरू केलेले ५ दिवसांचे काम त्यामुळे पुढच्या बुधवारी संपते. शनिवारीही साइट चालू ठेवली, तर मंगळवारीच हातावेगळे होते.

बहुतेक घोळ या दोन नोंदी एकमेकींशी न जुळल्यामुळे होतात. दिनदर्शिकेत रोजचे ९ तास केले, पण ‘दिवसाचे तास’ ८ च राहू दिले, तर पूर्ण दिवसभराचे काम १.१३ दिवसांचे दिसू लागते. शिवाय १० दिवस असे लिहिलेले काम ८० तासांचे धरले जाऊन नवव्या दिवशीच संपते. वेळापत्रकात असे विचित्र अपूर्णांक दिसले की सर्वांत आधी इथे पाहावे.

माणसे नेमली की दुसरे गणित सुरू होते: काम म्हणजे कालावधी गुणिले नेमणुकीचे प्रमाण. ८० तासांचे काम एकाने पूर्णवेळ केले तर १० दिवस, अर्धवेळ केले तर २० दिवस. या तीन राशींपैकी कोणती स्थिर ठेवायची, हे कामाच्या प्रकारावरून ठरते. दुसरा माणूस नंतर जोडला आणि ‘श्रमाधारित’ (एकूण काम तेवढेच ठेवून ते माणसांत वाटणारा) हा पर्याय चालू असला, तर १० चे ५ दिवस होतात. दोघांना पहिल्याच नेमणुकीत एकत्र घेतले, तर कालावधी तोच राहतो आणि काम दुप्पट होते. नवख्यांची इथे हमखास फसगत होते.

काही कामांना सुट्टी नसते. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटचे क्युरिंग (ते ओलसर ठेवणे) भारतीय मानक ४५६ नुसार किमान ७ दिवस करावे लागते आणि त्यात रविवारही मोजला जातो. अशा कामासाठी सलग कालावधी, म्हणजे सुट्ट्या धरून चोवीस तास मोजला जाणारा, द्यावा. गुरुवारी सकाळी सुरू झालेले ७ सलग दिवस पुढच्या गुरुवारी सकाळी पूर्ण होतात. तेच साधे ७ दिवस लिहिले, तर पाच दिवसांच्या आठवड्यात शुक्रवारची संध्याकाळ उजाडते आणि पुढची सगळी कामे विनाकारण लांबतात.

पुढच्या कामांच्या तारखा काढण्याची पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँ आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकी कंपन्यांनी विकसित केलेल्या संकटमार्ग (क्रिटिकल पाथ) पद्धतीतून आली आहे. आधी पुढे मोजत लवकरात लवकरच्या तारखा काढायच्या, मग मागे येत उशिरात उशिराच्या. दोन्हींतला फरक म्हणजे त्या कामाची सवड.

गटशीर्षकाचा, म्हणजे अनेक पोटकामे एकत्र दाखवणाऱ्या ओळीचा, कालावधी म्हणजे पोटकामांची बेरीज नव्हे. सर्वांत आधी सुरू होणाऱ्या पोटकामापासून सर्वांत शेवटी संपणाऱ्या पोटकामापर्यंतचा कामाचा वेळ तिथे दिसतो. ३ आणि ४ दिवसांची दोन कामे एकाच दिवशी सुरू झाली, तर गट ४ दिवसांचाच असतो.