नवीन वर्षाचा डेटाबेस तयार होत नसेल तर

सप्रेम नमस्कार.

१ एप्रिलला नवीन आर्थिक वर्षाचा डेटाबेस तयार करताना पाथ (म्हणजे फाइल ठेवायच्या फोल्डरचा पत्ता) सापडत नाही किंवा ॲक्सेस नाकारला, असा संदेश आला की आमचे हिशेबाचे सॉफ्टवेअर बिघडले असे समजून अनेक ग्राहक ते काढून पुन्हा टाकतात. त्याने वेळ जातो, अडचण मात्र तशीच राहते. कारण चूक ‘डेटा फोल्डर’ या रकान्यात लिहिलेल्या पाथमध्ये असते.

काउंटरवरच्या किंवा अकाउंटंटच्या संगणकावर बसून आपण त्या रकान्यात डी ड्राइव्हमधील एखादे फोल्डर लिहिता, आणि ते आपल्या संगणकावर खरोखरच असते. परंतु डेटाबेसची फाइल आपला संगणक बनवत नाही. ज्या संगणकावर एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम) चालू आहे, तो संगणक ती बनवतो आणि डी ड्राइव्ह म्हणजे स्वतःचाच डी ड्राइव्ह समजतो. तिथे ते फोल्डर नसेल, तर एसक्यूएल सर्व्हर ते आपणहून तयार करत नाही. ५१३३ क्रमांकाची एरर देऊन थांबतो. आमचा आणि आपला सर्वाधिक वेळ या एकाच गैरसमजात जातो, म्हणून पाथ लिहिण्यापूर्वी सर्व्हरच्या संगणकावर जाऊन ते फोल्डर उघडून पाहावे, ही आग्रहाची विनंती. नेटवर्कवरून जोडलेला झेड ड्राइव्हही चालत नाही, कारण ती जोडणी लॉगिन केलेल्या व्यक्तीपुरती असते.

संदेशातील ‘ऑपरेटिंग सिस्टिम एरर’ या शब्दांपुढचा आकडा अवश्य वाचावा. ३ असेल तर पाथ चुकला आहे. ५ असेल तर परवानगी नाही. “मी तर ॲडमिनिस्ट्रेटर आहे,” असे ग्राहक म्हणतात, आणि ते खरेही असते. पण फाइल लिहिणारा एसक्यूएल सर्व्हर स्वतःच्या वेगळ्या सर्व्हिस खात्याने (विंडोजमधील प्रोग्रामसाठीच्या खात्याने) चालतो आणि आपल्या डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये त्या खात्याला सहसा प्रवेश नसतो. अशा वेळी फोल्डर ‘एव्हरीवन’ला पूर्ण खुले करून देण्याचा सल्ला काही तंत्रज्ञ देतात. आम्ही तसे करत नाही, कारण मग त्या संगणकावर लॉगिन करणाऱ्या कोणालाही आपल्या हिशेबाच्या फाइली हाताळता येतात. फोल्डरच्या सिक्युरिटीमध्ये केवळ सर्व्हिस खाते जोडावे. त्याचे नाव शोधयादीत सहसा दिसत नाही, ते पूर्ण टाइप करावे लागते.

आम्ही डेटा सी ड्राइव्हमधील एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ डेटा फोल्डरमध्येच ठेवतो, याबद्दल काही ग्राहकांची नाराजी असते. विंडोज नव्याने टाकावे लागले तर सी ड्राइव्ह पुसला जाईल, ही त्यांची काळजी रास्त आहे. तथापि त्या फोल्डरला आवश्यक परवानगी आधीपासून असते; शिवाय पुष्कळ संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असल्यामुळे डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. खरे संरक्षण वेगळ्या डिस्कवर नियमित घेतलेल्या बॅकअपचे आहे, आणि ती सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांचा नवीन वर्षाचा डेटाबेस आम्ही मार्चअखेरीस दूरस्थ जोडणीवरून स्वतः तयार करून देतो. इतरांनी फोन करण्यापूर्वी संपूर्ण संदेशाचे छायाचित्र पाठवावे आणि सर्व्हर कोणत्या संगणकावर आहे ते कळवावे. तोपर्यंत सॉफ्टवेअर काढू नये.